रॉबिन हूडच्या गोष्टीतला नॉटिंगहॅमचा शेरीफ खरंच होता का?

पद खरं आहे, पण गोष्टीतला माणूस कोण ते ठरवता येत नाही. त्या काळी नॉटिंगहॅम शहराला स्वतःचा शेरीफ नव्हताच, शहराला ते पद १४४९ च्या सनदेने मिळालं. त्याआधी नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर या दोन परगण्यांना मिळून एकच शेरीफ असे, आणि ही जोडी १५६८ पर्यंत टिकली.

'शेरीफ' म्हणजे 'शायर-रीव्ह', परगण्याचा कारभारी. नेमणूक राजाची. वसुली, न्यायालय, गुन्हेगारांची धरपकड, सगळं त्याच्या हाती. ठरलेली रक्कम राजाच्या खजिन्यात भरायची आणि वर जमेल ते आपलं, म्हणजे चक्क इजारा! मग लोकांचे शिव्याशाप मिळणारच. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेत तर इथल्या फिलिप मार्क नावाच्या शेरीफला पदावरून काढण्याचं कलमच आहे, नावानिशी. गंमत म्हणजे त्यानंतरही तो कित्येक वर्षं खुर्चीवर होता. काही जण त्यालाच गोष्टीतला खलनायक मानतात; मला ते ओढूनताणून वाटतं.

पुढे वसुली, पोलीस, तुरुंग एकेक करून इतरांकडे गेले. १९७४ पासून परगण्याच्या शेरीफला 'हाय शेरीफ' म्हणतात. पद एका वर्षाचं, बिनपगारी आणि मानाचं. राजा मात्र अजूनही यादीतल्या नावापुढे दाभणाने भोक पाडूनच निवड करतो.

मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हा याच पदाचा वंशज.