वाचक विचारतात: बरसीम, गाई आणि चितळ

प्रश्न : काटोल रोडवर माझ्या चार दुभत्या गाई आहेत. गेल्या वर्षी अर्धा एकर बरसीम (हिवाळी हिरवा चारा) पेरली, पण पहिली कापणी विरळ निघाली आणि मधे कुठलंतरी रानटी झाड माजलं. काय चुकलं?

झाडाचं पान करवती काठाचं, जमिनीला चिकटून पसरलेलं आणि तोडल्यावर पांढरा चीक देणारं असेल, तर ती कासनी. ती बियाण्यातूनच येते. बरसीमचा दाणा पिवळा, गोल, भरीव. कासनीचा करडा आणि हलका. 10 लिटर पाण्यात 1 किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाका. कासनी वर तरंगते, ती काढून टाका. खाली बसलेलं बियाणं साध्या पाण्यात दोनतीनदा धुवा, कारण मीठ राहिलं तर पुढे चोळायचे जिवाणू मरतात.

अर्ध्या एकराला 5 ते 6 किलो बियाणं पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवलेलं बरसीमचं रायझोबियम (मुळावर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) त्याला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पेरा. वेळ कोजागिरी ते दिवाळीची. त्याआधी उकाडा असतो, फार उशीर केला तर थंडीत वाढ थांबते. पेरणीपूर्वी 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 9 किलो युरिया मातीत मिसळा. वाफ्यात चार बोटं पाणी उभं करून चिखल करा. निम्मं बी उभं फेका, निम्मं आडवं.

आपल्या काळ्या जमिनीत खरी खोट दुसऱ्या पाण्याला होते. माती सुकून भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात, म्हणून पाचव्यासहाव्या दिवशी, भेग दिसायच्या आत पाणी द्या. नंतर थंडीत 10-12 दिवसांनी आणि फेब्रुवारीनंतर आठवड्याने.

पहिली कापणी विरळ निघणं हा बरसीमचा स्वभावच आहे. बियाण्यात 300 ग्रॅम मोहरी मिसळली की ती तूट भरून निघते. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी. विळा जमिनीपासून तीन बोटं वर धरा. बुडाशी कापलं तर फुटवे मरतात. एप्रिलच्या उन्हापर्यंत चारपाच कापण्या मिळतात.

दवाने ओली बरसीम उपाशी गाईला एकटीच घालू नका, पोट फुगून गाय दगावू शकते. कापून दोनतीन तास सुकवा आणि आधी कुटार किंवा कडबा खायला द्या.

प्रश्न : दुसऱ्या कापणीनंतर बरसीम पिवळी पडली. युरिया टाकू का?

आधी एक झाड मुळासकट उपटून धुवा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर नत्र मिळतंय, मग सखल वाफ्यात पाणी साचतंय का ते बघून चर काढा. आत पांढरी असेल तर जिवाणू काम करत नाहीत. या हंगामापुरता एकरी 10 किलो युरिया द्या.

प्रश्न : आमचं वावर उमरेडकडे, जंगलाला लागून आहे. परदेशात हरणांसाठी क्लोव्हर (बरसीमच्याच कुळातला चारा) पेरतात असं वाचलं. धुऱ्यावर पेरला तर चितळ हरभरा सोडतील का?

सोडणार नाहीत. उलट कळप रोज येईल. तिकडे हा पेरा बहुतेक शिकारीसाठी हरणं जवळ आणायला असतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय तिकडचा बहुवार्षिक पांढरा क्लोव्हर नागपूरच्या मे महिन्यात जगणार नाही. आणि बरसीम ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवी असते, तेव्हा जंगलातलं गवत वाळलेलं असतं. चितळं तुमच्या बांधावर आली की त्यांच्यामागे बिबट्या येतो, वाघही येऊ शकतो. रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

चितळांचा चारा जंगलातच वाढायला हवा. तिथल्या कुरणांत मारवेल, पवन्या यांसारखी देशी गवतं टिकली पाहिजेत आणि तरोटा, रानतुळस बी धरायच्या आत उपटली गेली पाहिजेत. ते काम वनविभागाचं, पण गावची वन समिती त्यात हात लावू शकते. बरसीम पेरायचीच असेल तर गोठ्याजवळ, जाळीच्या कुंपणात पेरा. कुंपणात वीज सोडू नका. त्यात चितळ मरतं आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही.