ज्वारी आणि तुरीपासून सुरुवात करा

ताई, घरच्या खाण्यात काय काय बदलायचं याची तुमची यादी वाचली. साखर बंद, पाकिटातलं बंद, सगळं सेंद्रिय, तेही येत्या एक तारखेपासून! इतकं एकदम करू नका. महिन्याचा हिशोब कोलमडतो, घरचे वैतागतात आणि सगळंच सुटतं. सुरुवातीला बहुतेकांचं इथंच चुकतं, माझंही चुकलं होतं.

आधी दोनच जिन्नस धरा.

- ज्वारी: रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, कडबा जनावरांना होतो. उसाला मात्र जवळजवळ वर्षभर पाणी लागतं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, ते आठवलं की माझ्या पोटात आजही कालवतं. आठवड्यातून चार दिवस तरी भाकरी करा.
- तूर: काढणी झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची थेट घ्या आणि डाळ करून आणा. भाव ठरवताना त्या वर्षीचा हमीभाव माहीत असू द्या. २०२४-२५ ला तो क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या वर्षीच्या हमीभावाच्या खाली मागू नका. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्यानं देऊन बांधावर घासाघीस करणं मला पटत नाही.

पाकिटावर नुसतं ‘नैसर्गिक’ छापलेलं असेल तर भुलू नका, ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालावरचं चिन्ह शोधा. शेतकऱ्याकडून घेताना एकदा शेतावरच जाऊन या, मुलांनाही न्या.

तेल, दूध, साखर यांचं नंतर बघू. पहिल्या महिन्यात घरी किती ज्वारी लागली, तेवढं वहीत लिहून ठेवा.