बेळगावहून एका दिवसात पणजीतल्या आर्ट गॅलऱ्या बघून परत येता येईल का?

तुमच्या मुलीने ड्रॉइंगची हायर परीक्षा दिलीय, तिला बीच नको, चित्रं बघायचीत आणि तुम्हाला मुक्काम टाळायचाय. येतं की जमवून. फक्त शनिवार-रविवार नको आणि तीनपेक्षा जास्त जागा नकोत. शनिवार-रविवारी नेमक्या बघण्यासारख्या जागांना कुलूप असायची शक्यता जास्त, म्हणून मुलीला एक दिवस शाळा बुडवू दे. चित्रांसाठी बुडवलेली शाळा माझ्या मते शाळेतच धरावी.

जायला चोर्ला घाट. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, असे शंभर-सव्वाशे किलोमीटर, तीन-साडेतीन तास धरा. पहाटेची गाडी धरलीत तर घाटात आपल्याकडच्या भाजीच्या गाड्या पुढे-मागे असतात, तेवढा धीर ठेवा. आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा, कर्नाटकातल्या बायकांना बसप्रवास फुकट देणाऱ्या शक्ती योजनेचं तिकीट गोव्याच्या गाडीला चालत नाही. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर, कंडक्टरशी त्यावरून वाद घालणारं कोणी ना कोणी असतंच. तुम्ही बंदर म्हणून वास्कोचाही विचार करताय, पण मोठी जहाजं मुरगाव बंदरात लागतात म्हणून चित्रंही तिकडे असतील असं नाही. चित्रांसाठी पणजीच. तिथेही मांडवीवर धक्का आहे, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं ऑफिस आहे, बोटी दिसतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच कॅसिनोच्या, ते सोडा.

कदंबा स्टँडवर उतरलात की रिक्षा करू नका. खाडीवरचा पूल ओलांडला की फोंतेन्हास ही जुन्या पोर्तुगीज घरांची वस्ती. तिथे फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या घरात अंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं कायमची लावलेली आहेत. माझं ऐकाल तर दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. त्रिंदाद (1870–1935) हे गोव्याचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे तिथेच शिकवलं. त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणायचे; रेम्ब्राँ म्हणजे उजेड-अंधाराच्या खेळासाठी गाजलेला जुना डच चित्रकार. असल्या पदव्या मला आवडत नाहीत, पण चित्रासमोर उभं राहिल्यावर कळतं का म्हणत असतील ते. मागचा भाग काळपट तपकिरी, त्यातून फक्त चेहरा आणि हात उजेडात आलेले. मुलीला आधी चार हात लांब उभं करा, मग जवळ न्या. लांबून जो गाल गुळगुळीत दिसतो, तो जवळून बघितला की ब्रशचे सुटे फटकारे दिसतात आणि कपाळावरचा उजेड म्हणजे जाडसर रंगाचा एक ठिपका निघतो. शेडिंग करताना बोटाने घासून घासून कागद मळवणाऱ्या पोरांना हे एकदा दाखवलंच पाहिजे. त्यांची मुलगी अँजेला हीसुद्धा चित्रकार होती, तिचंही नाव लक्षात ठेवा.

जायच्या आधीच्या आठवड्यात बेळगावातच, टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात एक चक्कर मारा. केबी आपल्याच गावचे चित्रकार, व्यक्तिचित्रात मुरलेले. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बेळगावात पोर्ट्रेटची जी परंपरा आहे ती मनात ठेवून त्रिंदाद बघितले की मुलगी आपोआप तुलना करायला लागेल. तुम्ही काही समजावून सांगायची गरज नाही.

पणजीत फोंतेन्हासहून पुढे चालत आझाद मैदान. मैदानाला लागून मिनेझेस ब्रागांझा इन्स्टिट्यूट आहे, पोलीस मुख्यालयाच्या शेजारी. लोक दारावरून निघून जातात, कारण बाहेरून ते सरकारी ऑफिसच वाटतं. आत शिरल्या शिरल्या भिंतीभर निळ्या-पांढऱ्या फरशांचं चित्र आहे. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं 1935 चं काम. कामोइंश या कवीच्या महाकाव्यातले वास्को द गामाच्या सफरीचे वगैरे प्रसंग. गंमत अशी की एका माणसाचा चेहरा दोन-तीन फरशांत वाटला गेलाय, तरी रेघ सांध्यावर तुटत नाही. एकच निळा रंग, कुठे पातळ, कुठे दाट, त्यावर अख्खं आभाळ आणि समुद्र उभा केलाय. पोर्तुगीजांचा हा विजयाचा डांगोरा आपण कौतुकाने का बघायचा, असं बाबांना वाटेल. वाटू दे, रास्त आहे. हात बघावा, हेतूही बघावा.

मग जेवा. फिशथाळी कुठली चांगली ते इथे बाकीचे शंभर जण सांगतील. दुपारी एक ते तीन पणजी झोपलेली असते, त्या वेळात उन्हातून गल्ल्या फिरू नका. फोंतेन्हासमध्ये घरांसमोर उभं राहून फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात, त्या रहिवाशांनी वैतागून लावल्यात, पाळा.

दुपारनंतर अल्तिनोच्या टेकडीवर सुनापरांत. चढण आहे, आईला बरोबर नेणार असाल तर रिक्षा करा. 2009 पासून चालू असलेलं खासगी कलाकेंद्र, जुना बंगला, अंगणात कॅफे. इथे कायमचं काही नसतं, प्रदर्शनं बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून काय लागलंय ते विचारा. कधी फोटोग्राफी असते, कधी असं काही की बाबा म्हणतील, हे काय चित्र झालं? ते म्हणू देत. मुलगी तोवर बघून घेईल. सूझा किंवा गायतोंडे या मोठ्या आधुनिक चित्रकारांची चित्रं बघायच्या आशेने मात्र जाऊ नका. सूझा साळगावचे असले तरी त्यांची मोठी कामं दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांत बघावी लागतात.

पणजीतली कला अकादमी या तीन जागांत मी मुद्दाम घेतली नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी तिथल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर बाल्कनीत बसलेले प्रेक्षक रंगवलेत, ते बघण्यासारखे आहेतच, पण नाट्यगृह उघडं असेल तरच.

स्वतःची गाडी असेल तर सुनापरांतऐवजी पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा घ्या. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेल्या सुबोध केरकरांनी 2015 मध्ये औद्योगिक वसाहतीत उभं केलंय, तिकीट आहे, आणि समुद्र, शिंपले, गोव्याचा इतिहास असलं मोठ्या आकाराचं काम असल्यामुळे चित्रांचा कंटाळा येणारी धाकटी भावंडंही रमतात. परतीला पर्वरी-म्हापसा-डिचोली असा रस्ता धरलात की ते फार वाकडं पडत नाही, मात्र पर्वरीच्या ट्रॅफिकला अर्धा तास जास्तीचा ठेवा. पावसाळ्यात जाणार असाल तर साडेचारलाच पणजी सोडा. कणकुंबीच्या आसपास धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.