हौसेचं मशीन घ्या, पण गंगाजळीला कात्री नको

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी शिवलेल्या अकरा कपड्यांचं वर्णन पुन्हा वाचावंसं वाटलं म्हणून. मुंढा चार वेळा उसवून शेवटी बाही नीट बसली तेव्हाचा तुमचा आनंद मला अगदी ओळखीचा आहे, कारण मीही शिवते.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं साध्या मशीनवर शिवल्यानंतर आता तुम्हाला ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा पक्क्या करणारं मशीन, आणि भरतकामाचं संगणकीय मशीन, दोन्ही घ्यायची आहेत. दोन्हींची मिळून किंमत तुमच्या अडीच महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली पाच महिन्यांच्या खर्चाची रक्कम आहे, त्यातून निम्मी काढायची की १२ टक्के दराने १२ हप्ते घ्यायचे, हे ठरत नाही. घरी शिवल्यामुळे कपड्यांचा खर्च वाचतो, पुढे शिलाईची कामंही घेता येतील, त्यामुळे दोन वर्षांत पैसे वसूल होतील असं तुम्ही म्हणता.

माझं उत्तर: ओव्हरलॉक घ्या, पण सहा महिन्यांनी आणि रोखीनं. भरतकामाचं मशीन आत्ता नको. शिल्लक रकमेला हात लावू नका आणि हप्तेही घेऊ नका.

आधी वसुलीचा हिशेब पाहू, कारण सगळी भिस्त त्यावर आहे. अकरा कपड्यांपैकी तीन मनासारखे बसले नाहीत आणि दोन भेट दिले, असं तुम्हीच लिहिलं आहे. उरले सहा. शिवायला लागण्यापूर्वी तुम्ही वर्षाला चार कपडे विकत घेत होतात. मग बचत फार तर चार कपड्यांची धरता येईल. जो कपडा तुम्ही एरवी विकत घेतलाच नसता, तो शिवल्यानं पैसे वाचत नाहीत. शिवाय त्या चारांच्या खर्चात नुसतं कापड धरून चालत नाही. अस्तर, कॅनव्हास, चेन, बटणं, दोरा, मोडलेल्या सुया, बेतून बघण्यासाठी घेतलेलं मांजरपाट आणि धुतल्यावर सुती कापड आटतं म्हणून घेतलेलं जास्तीचं कापड, हे सगळं त्यात आलं. एवढं मांडल्यावर जी बचत उरते, तिच्यातून दोन मशीनची किंमत दोन वर्षांत निघणार नाही.

म्हणून मशीन घेऊच नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हौसेला मोल नाही म्हणतात, आणि रात्री दोन तास मशीनवर बसलं की दिवसभराचा शीण जातो असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या दृष्टीनं खर्चाला एवढं कारण पुरे आहे. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. हौसेचा खर्च हौसेच्या पैशातून करायचा असतो. गुंतवणूक म्हटलं की आपण कर्जाची आणि गंगाजळीची दारं उघडतो.

तुमची नोकरी कंत्राटी आहे आणि करार दरवर्षी नव्यानं होतो. अशा घरात सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक हवी. तुमच्याकडे आज पाचच महिन्यांची आहे, म्हणजे ती आधीच थोडी तोकडी आहे. त्यातून निम्मी काढली आणि करार लांबला, तर मशीन विकायची वेळ येईल, आणि वापरलेल्या मशीनला घेतल्याची किंमत येत नाही.

आता हप्ते. शिवणयंत्र आणि हप्ता यांचं नातं जुनं आहे. सिंगर कंपनीचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्त्यांवर यंत्रं द्यायला सुरुवात केली, कारण एकरकमी किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हापासून हप्ता लहान दिसतो आणि एकूण रक्कम नजरेआड राहते. तुम्हाला सांगितलेला १२ टक्के हा सरसकट दर आहे. म्हणजे दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागतं. फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर वर्षाला साधारण २१.५ टक्के पडतो. हप्ता महिन्याच्या घरखर्चाच्या जवळपास पाव भाग होईल. हौसेसाठी एवढं महाग कर्ज मी कुणालाच सुचवणार नाही.

मग पैसे कुठून येतील? ते तुमच्या कपाटात आहेत. न बेतलेली एकतीस कापडं घडी करून ठेवली आहेत असं तुम्ही सहज लिहून गेलात, आणि दर महिन्याला घरखर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम नव्या कापडावर जाते असंही. खरी गळती इथे आहे. महिन्याला एक कपडा या गतीनं ही कापडं संपायला अडीच वर्षं लागतील! सहा महिने नवं कापड घेऊ नका. ओव्हरलॉकची किंमत अर्ध्या महिन्याच्या खर्चाइतकी आहे, म्हणजे कापडाचे पैसे दर महिन्याला बाजूला ठेवले तर पाच महिन्यांत मशीन आणि सहाव्या महिन्यात दोऱ्याच्या रिळांचे पैसे जमतील. चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला प्रत्येक रंगाची चार रिळं लागतात, तेव्हा पांढरा, काळा आणि करडा एवढ्यावरच थांबा.

ओव्हरलॉकला माझा होकार आहे, कारण तुमचे निम्मे कपडे ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाचे आहेत, आणि तुमची तक्रारही कडा सुटण्याची आहे. ते मशीन कड कापतं, शिवतं आणि दोऱ्यानं गुंडाळतं, तेही एकाच फेरीत. काज किंवा चेन मात्र त्यावर होत नाही. ते येईपर्यंत साध्या मशीनवर गोल टोकाची सुई लावून झिगझॅग टीप मारा, बरंच काम निभेल. भरतकामाच्या मशीनचा खर्च मात्र खरेदीनं संपत नाही. खालचा आधाराचा कागद, वेगळा दोरा, नमुने, मोठी चौकट असं मागणं चालूच राहतं. आणि अकरांपैकी एकाही कपड्यावर तुम्ही हातानं भरतकाम केलेलं नाही.

शिलाईची कामं घ्यायची असतील तर आहे त्याच मशीनवर पाच कामं पैसे घेऊन करून बघा. माप घेण्यापासून दुरुस्तीपर्यंतचा प्रत्येक तास लिहा आणि साहित्य वजा करून तासाला काय सुटतं ते काढा. दुसऱ्याच्या अंगावर बसवणं आणि ठरल्या दिवशी देणं हे वेगळं काम आहे. पाच कामांनंतरही रात्रीचे ते दोन तास तुम्हाला तितकेच प्रिय राहिले, तर मला पुन्हा लिहा, आपण भरतकामाच्या मशीनचा हिशेब नव्यानं मांडू.

जुनं मशीन विकून थोडे पैसे उभे करावेत का, असंही तुम्ही विचारलं आहे. विकू नका. ओव्हरलॉक आलं तरी सरळ टीप, काज आणि चेन जुन्या मशीनवरच होणार आहे. त्याला तेल द्या, बॉबिनखालचा कचरा साफ करा आणि एकदा जाणत्या माणसाकडून दोऱ्याचा ताण नीट करून घ्या.