पांढरी चादर, राखाडी छायाचित्र : वाचकांचे प्रश्न

घरच्या घरी व्यक्तिचित्रणाचा सराव करणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबई येथील वाचकांच्या पत्रांत पांढऱ्या पार्श्वभूमीची अडचण वारंवार येते. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचा दिवाणखाना दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब आहे. भिंतीवर पांढरी चादर लावून, एक फ्लॅश आणि त्याचा प्रकाश पसरवणारी पांढरी छत्री वापरून मी घरातील माणसांची छायाचित्रे काढतो. चादर शुभ्र असूनही ती राखाडी दिसते. फ्लॅश वाढवला की चादर पांढरी होते, पण चेहरा उडून जातो. मागे सावलीही पडते. काय करावे?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : चादर बदलून हा प्रश्न सुटणार नाही. आपण एकाच दिव्यावर दोन कामे सोपवली आहेत आणि अडचणीचे मूळ तेथे आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता साधारण चौथाईवर येते. छत्री चेहऱ्यापासून चार फुटांवर आणि चादरीपासून आठ फुटांवर असेल, तर चेहऱ्याला मिळणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम चौथा हिस्सा चादरीपर्यंत पोहोचतो, म्हणजेच चादरीवरचा प्रकाश दोन स्टॉपने कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). फ्लॅशची शक्ती वाढवल्यावर दोन्ही ठिकाणचा प्रकाश एकाच प्रमाणात वाढतो आणि त्यांच्यातील फरक जसाच्या तसा राहतो; म्हणून चादर पांढरी होईपर्यंत चेहऱ्याचे तपशील नाहीसे झालेले असतात.

यावर उपाय म्हणजे चेहऱ्यासाठी एक आणि पार्श्वभूमीसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र प्रकाश ठेवणे. दुसरा फ्लॅश साधा, हाताने शक्ती ठरवण्याचा असला तरी पुरतो. व्यक्तीला चादरीपासून सहा फूट पुढे बसवावे आणि आपण तिच्यापासून सहा-सात फुटांवर उभे राहावे. पंधरा फुटांच्या खोलीत एवढे नेमके बसते. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स असेल तर या अंतरावरून कमरेपासून वरचे चित्र व्यवस्थित मिळते. व्यक्ती चादरीपासून दूर आली की छत्रीच्या प्रकाशाने पडणारी सावली चौकटीच्या बाहेर किंवा खाली सरकते आणि उरलेली सावली मागचा प्रकाश पुसून टाकतो. चादरीच्या सुरकुत्याही त्याच प्रकाशात बऱ्याच विरतात; तरी ती इस्त्री करून, ताणून लावलेली बरी. कागदी रोल घेणार असाल तर २.७२ मीटर रुंदीचा मोठा रोल दहा फुटांच्या खोलीत स्टँडसह अडचणीचा होतो, १.३५ मीटरचा रोल एका व्यक्तीच्या अर्ध्या चित्रासाठी पुरेसा आहे.

दिवे लावण्याचा क्रम कृपया पाळावा, कारण बहुतेक गोंधळ दोन्ही दिवे एकदम लावल्याने होतो. प्रथम आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि शटर १/१६० सेकंद ठेवून एकही फ्लॅश न लावता एक छायाचित्र काढावे. ते जवळजवळ काळे आले पाहिजे. तसे आले नाही तर खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी आणि पडदे ओढून घ्यावेत. मग केवळ छत्रीचा फ्लॅश लावून चेहरा मनाजोगता होईपर्यंत त्याची शक्ती ठरवावी. या टप्प्यावर मागची चादर राखाडी दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नये. त्यानंतर दुसरा फ्लॅश व्यक्तीच्या मागे, तिच्या पाठीआड लपेल असा खाली ठेवून चादरीकडे वळवावा आणि कॅमेऱ्यातील अतिप्रकाशाची लुकलुकणारी सूचना सुरू करून त्याची शक्ती पायरीपायरीने वाढवावी. डोके आणि खांदे यांच्याभोवतीचा भाग लुकलुकू लागला की तेथेच थांबावे. चेहऱ्यावरील प्रकाशापेक्षा चादरीवरील प्रकाश साधारण एक ते दीड स्टॉप अधिक असला की हे साधते.

तेथेच थांबण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पांढरे आणखी पांढरे होत नाही, मात्र जास्तीचा प्रकाश चादरीवरून उलटून लेन्समध्ये शिरतो, सगळे चित्र धुरकट होते आणि केसांच्या कडा विरघळतात. मागचा दिवा गालांवर किंवा कानांवर झिरपत असेल तर फ्लॅश आणि व्यक्ती यांच्यामध्ये काळा पुठ्ठा उभा करावा. पुढे सराव वाढल्यावर दोन बाजूंना दोन फ्लॅश ठेवले तर पूर्ण रुंदी समान उजळते, पण अर्ध्या चित्रासाठी त्यांची गरज नाही.

प्रश्न : माझ्याकडे फ्लॅश नाही, केवळ मोबाइल आहे. तरीही पांढऱ्या पार्श्वभूमीवर चांगले व्यक्तिचित्र काढता येईल का?
— एक वाचिका, नेरूळ

उत्तर : निश्चित येईल. अमेरिकी छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात पश्चिम अमेरिकेतील कष्टकऱ्यांची जी व्यक्तिचित्रे काढली, ती पांढरा कागद उघड्यावर सावलीत लावून, नैसर्गिक प्रकाशातच काढलेली आहेत. सावलीत आभाळाचा प्रकाश कागदावर आणि चेहऱ्यावर जवळपास सारखाच पडतो, आणि पांढरा कागद त्वचेपेक्षा मुळातच अधिक प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे चेहरा योग्य उजळला की कागद आपोआप पांढरा होतो. सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत हा प्रयोग करून पाहावा.

घरातच काढायचे असेल तर ऊन थेट येत नसलेल्या मोठ्या खिडकीला पांढरा पातळ पडदा लावून तीच पार्श्वभूमी करावी. व्यक्तीला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवावे आणि तिच्या समोर दोन्ही बाजूंना पांढरे सनबोर्ड (हलके फोमचे फलक) उभे करून खिडकीचाच प्रकाश चेहऱ्याकडे परतवावा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि उजेड तेथे पक्का होतो, आणि मग उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी. घरातील दिवे बंद ठेवावेत. पिवळा दिवा आणि खिडकीचा प्रकाश एकत्र आले की त्वचेचा रंग नंतर सुधारणे फार कठीण जाते. पावसाळ्यातील ढगाळ दुपार या कामाला फार चांगली, मात्र उजेड सतत बदलत असल्याने दर काही छायाचित्रांनंतर तो पुन्हा ठरवावा लागतो.

प्रश्न : माझ्या आईचा रंग सावळा आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा काळपट येतो आणि उजळवला की तो तिचा वाटत नाही. शिवाय तिला पांढरी साडीच नेसायची आहे. कसे करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन समोरचे दृश्य सरासरीने मधल्या राखाडी छटेचे आहे असे गृहीत धरते. चौकटीचा मोठा भाग पांढरा असला की ते प्रकाश कमी करते आणि आईंचा चेहरा अंधारात जातो. म्हणून स्पॉट मापन (केवळ एका लहान भागावरून घेतलेले मापन) निवडून ते आईंच्या गालावर घ्यावे, किंवा एक्स्पोजर भरपाई (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड वाढवण्याची-कमी करण्याची सोय) अधिक एक ते अधिक दीडपर्यंत न्यावी. मात्र स्पॉट मापन त्या सावळ्या त्वचेलाही मधली राखाडी छटा समजते, त्यामुळे चेहरा प्रत्यक्षापेक्षा फिका दिसल्यास अर्धा स्टॉप उतरावे. छायाचित्रातील रंग आईंच्या हाताशेजारी स्क्रीन धरून पडताळावा. चेहरा गोरा करणारे फिल्टर काही मोबाइलमध्ये आधीपासून सुरू असतात, ते बंद करावेत. सावळ्या त्वचेवर प्रकाशाचे जे चमकदार भाग उमटतात, ते फार देखणे असतात. दिवा किंवा खिडकी थोडी बाजूला घेतली की ते दिसू लागतात आणि समोरून सपाट प्रकाश टाकला की नाहीसे होतात.

भिंती पीच किंवा फिकट हिरव्या असतील तर त्यांची झाक चेहऱ्यावर येते. एका छायाचित्रात आईंच्या हाती राखाडी कार्ड देऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ठरवावा. पांढऱ्या साडीसाठी पार्श्वभूमीचा प्रकाश चेहऱ्यापेक्षा एका स्टॉपहून अधिक ठेवू नये आणि आईंच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या अगदी बाहेर, उंच काळे पुठ्ठे उभे करावेत. त्यांच्यामुळे पदराच्या आणि खांद्याच्या कडेला बारीक गडद रेघ येते व साडी पार्श्वभूमीत मिसळत नाही. साडीचे काठ रंगीत असतील तर पदर पुढून घ्यायला सांगावे, म्हणजे पुठ्ठ्यांचे निम्मे काम काठच करतील.