कोल्हापूरच्या उपनगरातील कॉलनीत रात्रीची गस्त कशी घालावी, आणि गवा किंवा बिबट्या आल्यास काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कळंब्याच्या पुढे नव्या कॉलनीत राहायला आल्यावर दोन महिन्यांत तीन घरफोड्या झाल्या, मागच्या उसाच्या फडाच्या कडेला एकदा गवा दिसला, आणि तेव्हापासून तरुण मुले काठ्या, बॅटऱ्या आणि दिवाळीतले उरलेले फटाके घेऊन रात्री फिरू लागली आहेत, हे चालू द्यावे की थांबवावे? मी फुलेवाडी रिंग रोडच्या आतल्या बाजूला एकोणीस वर्षे राहतो आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे आमच्या कॉलनीच्या गस्तीची वही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, गस्त चालू द्यावी, काठ्या आणि फटाके मात्र आजच काढून घ्यावेत. गस्तीने पाहावे आणि कळवावे. धरपकड करणे किंवा हुसकावून लावणे तिच्या कामात बसत नाही, मग समोर माणूस असो की जनावर.

हे शहाणपण आम्हाला पहिल्यापासून होते असे नाही. गस्त सुरू झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात, रात्री दोनच्या सुमारास एक मनुष्य तोंडाला मफलर गुंडाळून, सायकल हाताने ढकलत आमच्या शेवटच्या गल्लीतून चालला होता. आम्ही अकरा जण होतो. "कोण रे तू, कुठं चाललायस?" एवढे विचारेपर्यंत दोघांनी त्याची सायकल धरली होती, आणि तो घाबरून मागे सरकला हाच आम्हाला पुरावा वाटला. त्याच्या पाठीत काठीचे दोन तडाखे बसले. पिशवीत निघाले काय, तर दोन भाकऱ्या, मिरचीचा खर्डा आणि एक जुना स्वेटर. तो ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायला चालला होता आणि सायकल पंक्चर झाल्यामुळे त्याने आमच्या गल्लीतून जवळची वाट धरली होती. आम्ही त्याची माफी मागितली, दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर जाऊन पुन्हा मागितली. तो काही बोलला नाही. पण त्या हंगामात तो पुन्हा आमच्या गल्लीतून गेला नाही, रोज अर्ध्या किलोमीटरचा वळसा घालून जात असे. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले, तेव्हा ती बातमी वाचून आमच्यापैकी कित्येकांना हा सायकलवाला आठवला. आमच्या हातून तेवढे झाले नाही यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिक एखाद्याला पकडू शकतो, पण अजामीनपात्र आणि दखलपात्र (म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडत असेल किंवा ती व्यक्ती फरारी म्हणून घोषित झालेली असेल तरच; आणि पकडलेल्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. नुसता संशय या कलमात बसत नाही, आणि मारहाणीची मुभा तर कोणत्याच कलमात नाही. म्हणून त्या घटनेनंतर आम्ही असे ठरवले की अनोळखी माणूस दिसल्यास दोघांनीच पुढे व्हायचे, त्यांतला एक वयस्कर असायचा, आणि बाकीच्यांनी वीस-पंचवीस पावले मागे, दिव्याखाली थांबायचे. "पाव्हणं, कुणाकडं जायचंय?" असे विचारले की बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळते आणि कित्येकदा पाहुण्याला त्याच्या दारापर्यंत पोहोचवण्याचे कामही आपल्याकडे येते. उत्तराने समाधान झाले नाही तर ११२ ला फोन करायचा, गाडीचा क्रमांक वहीत लिहायचा आणि अंतर राखून थांबायचे.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे हद्द. काही कॉलन्या महापालिकेत मोडतात, तर पाचगाव, मोरेवाडीसारख्या गावांच्या कॉलन्या ग्रामपंचायतीत, आणि रस्ता ओलांडला की पोलीस ठाणेही बदलू शकते. तेव्हा सर्वांत आधी आपली कॉलनी कोणत्या ठाण्याच्या कोणत्या बीटात, म्हणजे हद्दीतल्या कोणत्या विभागात, येते आणि बीट अंमलदार कोण आहेत हे ठाण्यात जाऊन विचारावे. त्यांच्याकडे गस्तीला येणाऱ्यांची नावे, मोबाईल क्रमांक आणि पाळ्या लेखी द्याव्यात. त्यामुळे रात्री पोलिसांची गाडी आल्यावर आपलीच मुले संशयित ठरत नाहीत, आणि आपणही कोणाला जबाबदार आहोत याची मुलांना जाणीव राहते. कॉलनी ग्रामपंचायतीत असेल तर तेथे ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे का, याचीही चौकशी करावी. या यंत्रणेत एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून बोललेला संदेश गावात नोंदवलेल्या सर्व मोबाईलवर एकाच वेळी पोहोचतो; पण चोर, आग किंवा बिबट्या अशा खऱ्या संकटाशिवाय तिचा वापर झाला की लोक फोन उचलेनासे होतात. कोल्हापुरात तालमी आणि तरुण मंडळे असल्यामुळे माणसे गोळा करणे कधीच अवघड जात नाही. एका हाकेला चाळीस पोरे जमतात. खरी अडचण त्यांतल्या पस्तीस जणांना घरी पाठवण्याची असते. एका वेळी चार जण पुरतात.

आता गव्याविषयी. जिल्ह्यात राधानगरी अभयारण्य आहे, ते १९५८ साली दाजीपूरच्या गव्यांसाठीच राखले गेले. त्या जंगलापासून शहरापर्यंत भोगावतीचे खोरे येते, प्रयाग चिखलीजवळ नद्या एकत्र होऊन पंचगंगा बनते, आणि या सगळ्या वाटेवर नदीकाठाने जवळपास अखंड ऊस आहे. गव्याला त्यात चारा, पाणी आणि आडोसा, तिन्ही मिळतात. कळपातून बाहेर पडलेला नर काठाकाठाने फिरत राहतो आणि ऊसतोड सुरू झाली की कालपर्यंत उभा असलेला आडोसा एका दिवसात मोकळा होतो, मग एखाद्या पहाटे तो आपल्या कंपाउंडपाशी उभा दिसतो. गवा गावात घुसला असे आपण म्हणतो खरे, पण बहुतेक वेळा तो वाट चुकलेला असतो.

आमच्याकडे तो फेब्रुवारीत, पहाटे साडेतीनला आला. शेवटच्या बंद गल्लीत, डीपी आणि एका बंगल्याची भिंत यांच्यामध्ये तो उभा होता. रंगाने काळा, पण गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय. थंडीमुळे नाकपुड्यांतून वाफ निघत होती आणि मध्येच तो जोराने फुसकारत होता. मोठ्या नराचे वजन सातशे किलोपासून हजार किलोपर्यंत असते हे मी वाचले होते, पण बंगल्याच्या फाटकापेक्षा त्याची पाठ उंच आहे हे पाहिल्यावर त्या आकड्याचा अर्थ कळला. मी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि नंतर ११२ ला. दोघांना मुख्य रस्त्याच्या तोंडाशी उभे करून दूधवाले आणि पहाटे फिरायला जाणारे तेथेच थांबवले. मोटारसायकली बंद केल्या, घरोघरी फोन करून कुत्री आत घ्यायला सांगितली, बॅटरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारू नका असे प्रत्येकाला बजावले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या बाजूने तो आला होता ती उसाकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवली. तिकडे छायाचित्र काढायला निघालेल्या एका मुलाला त्याच्या आईनेच दंडाला धरून मागे ओढले.

पाऊण तासाने वन विभागाचे कर्मचारी आले, आणि मुलांची निराशा झाली, कारण तेही दोर, जाळी, बंदूक काही न काढता आमच्यासारखेच दूर उभे राहिले. त्यांच्यातील एक जण म्हणाला, "त्याला घाई न्हाई, आपण कशाला करायची?" पाच वाजून दहा मिनिटांनी गव्याने मान वळवली, बंद गल्लीतून सावकाश बाहेर आला, ओढ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. नुकसान म्हणाल तर दोन कुंड्या आणि कपडे वाळत घालायची एक दोरी.

गर्दी झाली असती तर काय झाले असते, हे पुण्याने पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात आलेला गवा तासन्‌तास पळवला गेला, जखमी झाला, त्याला बेशुद्ध करून पकडले आणि थोड्याच वेळात तो मेला. अति धावपळ आणि भीतीने एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगाचे तापमान वाढते, स्नायू निकामी होऊ लागतात, आणि त्यावर भुलीच्या औषधाचा भार पडला की ते सहसा वाचत नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत बावधनकडे दुसरा गवा आला. त्या वेळी बघ्यांना लांब ठेवले गेले आणि तो जंगलाकडे परत गेला. गर्दीचा धोका एकट्या जनावरालाच असतो असेही समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूरच्या वेशीवर फिरत होते, त्या दिवसांत भुयेवाडीत गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. बिथरलेला गवा ज्या दिशेला वाट दिसेल तिकडे सुटतो, आणि फटाके वाजवणाऱ्याला ती दिशा ठरवता येत नाही. आपल्या मुलांच्या हातातील फटाक्यांबद्दल मी एवढा आग्रही आहे तो याचसाठी.

बिबट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो बहुधा दिसतच नाही, आणि दिसला तर आपण चुकून त्याच्या वाटेत आलेले असतो. जानेवारी २०१५ मध्ये तो थेट रुईकर कॉलनीत आला होता. पकडला गेला, पण जगला नाही. तो वस्तीकडे येतो ते मुख्यतः मोकाट कुत्री आणि डुकरांसाठी, आणि कुत्री असतात ती चिकन सेंटर आणि हॉटेलांच्या उरलेल्या खरकट्यासाठी. म्हणजे कोपऱ्यावरचा उघडा कचरा हाही गस्तीचाच विषय आहे. आमच्या वहीत रात्री कचरा टाकणाऱ्यांची नोंद सुरू झाली तेव्हा बरीच भांडणे झाली, एक शेजारी दोन वर्षे माझ्याशी बोलत नव्हते, पण आता कोपऱ्यावर दहा-बारांच्या जागी दोन-तीन कुत्री असतात आणि पहाटे शिकवणीला जाणाऱ्या मुली त्या बाजूने जाऊ लागल्या आहेत. बिबट्या समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये, वाकू किंवा खाली बसू नये, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे आणि लहान मुलांना उचलून घ्यावे. तो एखाद्या खोलीत किंवा गोठ्यात शिरला असेल तर बाहेरून दार लावून वन विभागाची वाट पाहावी. खिडकीतून मोबाईल आत घालू नये.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. साप दिसल्यास अधिकृत सर्पमित्राला बोलवावे आणि तो येईपर्यंत एकाने लांबून सापावर नजर ठेवावी. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि दंश फारसा दुखत नाही, म्हणून पावसाळ्यात, विशेषतः पंचगंगेला पूर आला असताना, वॉचमनला खाटेशिवाय झोपू देऊ नये. दंश झाल्यास न बांधता, न कापता, १०८ ला (रुग्णवाहिकेसाठी) फोन करून थेट सीपीआर, म्हणजे शहरातले छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठावे.

शेवटी आपल्या तरुण मुलांविषयी. काठ्या काढून घेतल्यावर ती म्हणतील की मग आम्ही फिरून करायचे काय. आमच्या मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात विजेच्या खांबांची गणती दिली. कॉलनीत एक्केचाळीस खांब होते, त्यांपैकी तेरांवरचे दिवे बंद निघाले, आणि त्या वर्षी चोरी झालेल्या चार घरांपैकी तीन त्या तेरा खांबांच्या अंधारात येत होती. खांब क्रमांक लिहून अर्ज दिला, पंधरवड्याने पुन्हा दिला, आणि तिसऱ्या खेपेला मुलेच अर्ज घेऊन गेली. दिवे लागले तेव्हा त्यांनी खांबाखाली उभे राहून फोटो काढून घेतले. ते आजही वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेले आहेत.