जर्मनीतला पहिला डिसेंबर, लहान मुलांसह

5 डिसेंबरच्या रात्री मुलांचे बूट पुसून दाराबाहेर ठेवायला विसरू नका. 6 च्या सकाळी त्यात संत्रं, अक्रोड, चॉकलेट एवढंच; निकोलाउस (रात्री बुटात खाऊ ठेवून जाणारा संत) काय देऊन गेला हे बालवाडीत सगळी पोरं सांगत असतात. मोठं खेळणं 24 च्या संध्याकाळसाठी राखा.

ख्रिसमस बाजारात शनिवारी संध्याकाळी बाबागाडी नेणं म्हणजे शिक्षाच! दगडी फरसबंदीत छोटी चाकं अडकतात, गर्दीत वळताही येत नाही. मधल्या वारी साडेतीनला जा. साडेचारपर्यंत अंधारतं, मुलांना दिवे बघायला मिळतात आणि जेवायच्या वेळी घरी. मुलांसाठी ‘किंडरपुन्श’ (दारू नसलेलं गरम मसालेदार पेय) असं स्पष्ट मागा. शेजारची ग्लूवाइन (गरम मसालेदार वाइन) दिसायला तशीच, पण ती दारू. पुन्श चांगला निवू द्या, नाहीतर जीभ पोळते. कपाचं डिपॉझिट वेगळं घेतात, कप परत केला की मिळतं. सुटे युरो जवळ असू द्या.

अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने ओला झाला की गारठा तिथूनच शिरतो. पातळ लोकरीचा घाला. हातमोजे दोरीने जोडून कोटाच्या बाह्यांतून ओवा, नाहीतर एक हरवतोच.

24 ला दुकानं दुपारी दोनपर्यंतच, 25-26 पूर्ण बंद. दूध, डायपर, तापाचं औषध 23 लाच आणून ठेवा. (कोथिंबीरसुद्धा!)